वाऱ्याचा हिशेब

सात वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात, गंजलेल्या पकडी आणि बंद पडलेली घड्याळे मांडलेल्या एका पथारीवर मला एक चकती दिसली. तळहाताहून मोठी, कडेने बारीक आकड्यांच्या दोन वर्तुळांची. एक वर्तुळ दुसऱ्यात फिरत होते. मागच्या बाजूला धूसर झालेली पारदर्शक तबकडी आणि तिच्याखाली सरकणारी, पंख्यासारख्या रेषा छापलेली पट्टी. विक्रेत्याने ती 'फोटोवाल्यांची मोजपट्टी' म्हणून पुढे केली, चारशे सांगितले आणि अडीचशेला दिली.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून नोकरी केली. स्लाइड रूलचा जमाना माझ्या आधीच संपला होता, पण आमच्या ज्येष्ठ आरेखकांच्या खणात एक असायची आणि तिच्यावर गुणाकार-भागाकार कसा करायचा ते त्यांनी हौसेने शिकवले होते. त्यामुळे पुढची बाजू ओळखू आली. ती गोल केलेली स्लाइड रूल होती. मागची बाजू मात्र कळेना. तबकडीवर कुणीतरी शिसपेन्सिलीने एक लहानसा ठिपका काढून ठेवला होता. तो कशाचा, हे समजून घेण्यात माझी पुढची काही वर्षे गेली.

ती चकती विमानातल्या नॅव्हिगेटरची होती. अमेरिकी नौदलाच्या राखीव दलातल्या फिलिप डाल्टन नावाच्या माणसाने १९३० च्या दशकात तिची रचना केली. दुसऱ्या महायुद्धात लाखो तरुणांनी ती मांडीवर घेऊन आकाशात हिशेब केले. डाल्टनला ते पाहायला मिळाले नाही. १९४१ मध्ये एका प्रशिक्षण उड्डाणात विमान कोसळून तो गेला. चकतीचे थोडे बदललेले रूप वैमानिकी शिकणाऱ्या मुलांच्या हातात आजही असते.

मी वैमानिक नाही, इंजिनिअरही नाही. आयुष्यात विमानात चार वेळा बसलो, त्यात दोनदा मधली खुर्ची मिळाली. हा लेख म्हणजे एका आरेखकाने जुनी प्रशिक्षण-पुस्तके, अहवाल आणि आठवणी वाचून लावलेला अर्थ आहे.

पुरातली नाव

जमिनीवर वाट चुकली तर माणूस थांबतो, कुणाला तरी विचारतो. समुद्रात जहाजाला निदान वेग कमी करता येतो. विमानाला थांबता येत नाही. 'मी कुठे आहे' या प्रश्नाचे उत्तर शोधेपर्यंत ते दहा-वीस किलोमीटर पुढे गेलेले असते आणि टाकीतले इंधन तेवढे घटलेले असते. म्हणून आकाशातल्या मार्गनिर्देशनाचा पहिला नियम असा की, उत्तर अपुरे असले तरी वेळेवर हवे.

त्यासाठी खलाशांकडून घेतलेली पद्धत म्हणजे 'डेड रेकनिंग'. शेवटचे खात्रीचे ठिकाण, तिथून धरलेली दिशा, वेग आणि गेलेला वेळ, एवढ्यावरून आत्ताचे ठिकाण नकाशावर काढायचे. गणित शाळेतलेच. अडचण वाऱ्याची.

कृष्णेला पूर आलेला असताना नाव पैलतीरी नेणारा नावाडी ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. समोरच्या घाटावर उतरायचे असेल तर तो नावेचे नाक घाटाकडे धरत नाही, प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला धरतो. नाव तिरकी दिसते, पण जाते सरळ. विमानाचे तसेच आहे. हवा ही त्याची नदी आहे आणि ती सगळीच्या सगळी वाहते आहे. विमानातल्या वेगमापकाला फक्त हवेतला वेग कळतो. खालची जमीन कोणत्या वेगाने मागे जाते आहे, याचा त्याला पत्ता नसतो.

एक उदाहरण घेऊ. विमान उत्तरेकडे नाक करून १०० नॉट वेगाने निघाले. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, आणि सागरी मैल म्हणजे अक्षांशाची एक कला, १८५२ मीटर. पश्चिमेकडून २० नॉटचा वारा आहे. वैमानिकाला केबिनमध्ये काहीही वेगळे वाटणार नाही. होकायंत्र उत्तर दाखवेल, वेगमापक १०० दाखवेल. तासाभराने मात्र विमान ठरल्या जागेपासून २० सागरी मैल, म्हणजे ३७ किलोमीटर पूर्वेला असेल. नाकाची दिशा आणि जमिनीवरचा माग यांत ११ अंशांहून थोडा जास्त फरक पडलेला असेल. या फरकाला 'ड्रिफ्ट' म्हणतात.

नाकाची दिशा आणि हवेतला वेग ही एक बाजू, वाऱ्याची दिशा आणि वेग ही दुसरी, जमिनीवरचा माग आणि वेग ही तिसरी. तीनपैकी दोन बाजू कळल्या की तिसरी काढता येते. डाल्टनच्या चकतीची मागची बाजू हाच त्रिकोण कंपास-पट्टीशिवाय सोडवण्यासाठी होती आणि तबकडीवरचा पेन्सिलीचा ठिपका म्हणजे वारा. केंद्रापासून ठिपक्याचे अंतर हा वाऱ्याचा वेग, कोन ही त्याची दिशा. हे उमगले त्या रात्री मी तबकडी फिरवून तो ठिपका वाचला. नैर्ऋत्येकडून, साधारण तीस नॉट. कोणत्या दिवशीचा, कुठल्या आकाशातला, ते कळायला मार्ग नाही.

होकायंत्राचीही आपली कटकट असते. सुई भौगोलिक उत्तरेकडे पाहत नाही, चुंबकीय उत्तरेकडे पाहते. मुंबईत या दोन उत्तरांत एका अंशाचाही फरक नाही, पण कॅनडाच्या काही भागांत तो दहा-वीस अंशांचा असतो. शिवाय विमानातले लोखंड आणि विजेच्या तारा सुईला आपल्याकडे ओढतात, ती चूक वेगळी. या सगळ्या चुका किती महागात पडतात त्यासाठी वैमानिकांचा एक तोंडी नियम आहे. दिशा एक अंश चुकली तर साठ मैलांवर एक मैल चूक. पाच अंश चुकले आणि सहाशे मैल गेलात, तर पन्नास मैल बाजूला.

बैलगाडीतले पेट्रोल

सुरुवातीच्या वैमानिकांनी यातले बरेच टाळले, कारण ते खाली पाहून उडत. रेल्वेचे रूळ, नदी, किनारा, देवळाचा कळस. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिघ रोड तळावरून 'पस मॉथ' विमानातून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले, अहमदाबादला उतरले, बैलगाडीतून आलेले पेट्रोल भरले आणि दुपारी जुहूच्या मैदानात पोहोचले. विमानात रेडिओ नव्हता, वाटेत दिशा दाखवणारे कोणतेही केंद्र नव्हते. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी पाण्याखाली जाई, तेव्हा ही टपालसेवा पुण्याला हलवावी लागे. आज ही गोष्ट आपण उद्योगाच्या इतिहासात सांगतो. मला त्यात ताशी शंभर मैलांच्या आसपास उडणारा, नकाशा मांडीवर ठेवून डोळ्यांनी वाट शोधणारा एकटा माणूस दिसतो.

पण ढग खाली आले, रात्र झाली, किंवा खाली नुसते पाणी असले की डोळे निरुपयोगी. १९२७ च्या मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कहून साडेतेहतीस तासांत पॅरिसला पोहोचला, तो होकायंत्र, घड्याळ आणि डेड रेकनिंग यांच्या भरवशावर. आयर्लंडचा किनारा त्याने गाठला तेव्हा तो ठरल्या रेषेपासून अगदी थोडा ढळलेला होता. जगाने हे कौशल्य मानले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९२८ मध्ये, हवानाहून परतताना रात्री फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीवर त्याची होकायंत्रे भरकटली आणि तो वाट चुकला. अटलांटिकवर वाऱ्यांनी एकमेकांच्या चुका पुसल्या होत्या, हे त्याला तेव्हा कळले असावे. ज्याच्या नावाचा जगभर गजर चालला होता, त्या माणसाने मग अमेरिकी नौदलातल्या पी. व्ही. एच. वीम्स यांच्याकडे ताऱ्यांवरून मार्ग काढण्याची शिकवणी धरली. लिंडबर्गच्या चरित्रातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अटलांटिकची नाही, ही आहे.

मुद्दामची चूक

१९३१ मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर हा इंग्रज न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाला एकट्याने निघाला. विमान 'जिप्सी मॉथ', चाकांच्या जागी तरंगण्यासाठी लाकडी पडावांसारखे दोन फ्लोट. टास्मन समुद्र एका दमात ओलांडण्याइतके इंधन त्यात मावत नव्हते, म्हणून वाटेत नॉरफक आणि लॉर्ड हाउ या दोन बेटांवर उतरणे भाग होते. पहिले बेट न्यूझीलंडच्या उत्तर टोकापासून साडेसातशे किलोमीटरवर, आणि आठ किलोमीटर लांब, पाच किलोमीटर रुंद. ते चुकले तर पुढे पाणीच पाणी.

सरळ बेटाच्या दिशेने उडावे, हे कुणीही म्हणेल. चिचेस्टरने विचार उलटा केला. समजा, सरळ उडालो, बेट दिसण्याची वेळ झाली आणि बेट दिसले नाही. आता डावीकडे वळू की उजवीकडे? चूक कोणत्या बाजूला झाली आहे हेच ठाऊक नाही. वळलो आणि चुकीच्या बाजूला वळलो, तर संपले.

म्हणून तो बेटावर नेम न धरता मुद्दाम एका बाजूला नेम धरून उडाला. इतका बाजूला, की वाऱ्याने कितीही फसवले तरी बेट आपल्या एका ठरावीक हातालाच राहणार. मग सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजून, बेटातून जाणाऱ्या रेषेवर आपण आलो आहोत असे गणित सांगू लागले, की वळायचे आणि त्या रेषेवरून उडत राहायचे. विमान एका हाताने सांभाळत, दुसऱ्या हाताने सेक्स्टंट धरून, उघड्या कॉकपिटमध्ये वाऱ्याचा मारा सोसत त्याने हे गणित केले आणि दोन्ही बेटे शोधून काढली. लॉर्ड हाउला वादळात त्याचे विमान उलटून बुडाले, तेव्हा बेटावरच्या लोकांच्या मदतीने त्याने ते पुन्हा बांधले आणि प्रवास पुरा केला. पस्तीस वर्षांनी याच माणसाने शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, म्हणून जग त्याला ओळखते.

इथे एक तत्त्व सांगितले पाहिजे, कारण पुढच्या गोष्टीचा सगळा भार त्यावर आहे. सूर्याची एक उंची मोजली की ठिकाण मिळत नाही, एक रेषा मिळते. तुम्ही या रेषेवर कुठेतरी आहात, एवढेच ती सांगते. रेडिओने एका केंद्राची दिशा घेतली तरी मिळते ती रेषाच. ठिकाण हवे असेल तर दुसरी रेषा हवी, पहिलीला छेदणारी. तीन असतील तर उत्तम, कारण तिसरी रेषा पहिल्या दोघींची साक्ष तपासते. चिचेस्टरकडे रेषा एकच होती. दुसरीची उणीव त्याने मुद्दाम केलेल्या चुकीने भरून काढली. आपली चूक किती होऊ शकते हे त्याला ठाऊक नव्हते. कोणत्या बाजूला असेल, एवढे त्याने ठरवून घेतले होते.

छायाचित्रांची साक्ष

महायुद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत ब्रिटिश बाँबर विमाने रात्री जर्मनीवर जात. दिवसा गेले तर लढाऊ विमाने फाडून टाकत. रात्रीच्या अंधारात, दिवे मालवलेल्या युरोपावरून, काही तासांपूर्वीच्या हवामान-अंदाजातला वारा धरून नॅव्हिगेटर डेड रेकनिंग करत असे. ढगातून वाट मिळाली तर हलत्या विमानातून ताऱ्याची उंची मोजत असे. परत आल्यावर तो सांगे, लक्ष्य सापडले, बाँब टाकले, आग दिसली. तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखर तसे वाटत होते.

१९४१ च्या उन्हाळ्यात चर्चिलचे विज्ञान-सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनी युद्ध मंत्रिमंडळाच्या सचिवालयातल्या डी. एम. बट या नागरी अधिकाऱ्याला एक काम दिले. काही विमानांत बाँब टाकताना आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे बसवले होते. बट यांनी जून-जुलैमधल्या शंभर हल्ल्यांची सहाशेंहून अधिक छायाचित्रे तपासली आणि वैमानिकांच्या जबान्यांशी ताडून पाहिली. १८ ऑगस्टला अहवाल सादर झाला.

लक्ष्यावर हल्ला केल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी फक्त एकतृतीयांश लक्ष्यापासून पाच मैलांच्या आत पोहोचली होती. धुराने झाकलेल्या रुऱ्हच्या औद्योगिक पट्ट्यात हे प्रमाण दहांत एक. पौर्णिमेच्या आसपास पाचांत दोन, अमावास्येला पंधरांत एक. आणि पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. स्वारगेटवर नेम धरावा, बाँब हडपसरला पडावा आणि तरी तो 'लागला' या रकान्यात मोजावा, असे हे माप होते.

बाँबर कमांडच्या वरिष्ठांनी अहवालावर आक्षेप घेतले. छायाचित्रे अपुरी, हवा खराब होती, वगैरे. कुठल्याही कार्यालयात काम केलेल्या माणसाला हे आक्षेप ओळखीचे वाटतील. पण चर्चिलने अहवाल गांभीर्याने घेतला. १९४२ च्या मार्चपासून 'जी' ही रेडिओप्रणाली वापरात आली, त्याच ऑगस्टमध्ये वाट दाखवणारे 'पाथफाइंडर' दल उभे राहिले, पुढे 'ओबो' आणि 'एच-टू-एस' रडार आले. पाथफाइंडर दलाचा प्रमुख डॉन बेनेट हा ऑस्ट्रेलियन. त्याने १९३६ मध्येच हवाई मार्गनिर्देशनावर एक ग्रंथ लिहिलेला होता. पूर्वी 'ऑब्झर्व्हर' म्हणवला जाणारा माणूस १९४२ मध्ये अधिकृतपणे 'नॅव्हिगेटर' झाला.

या सुधारणेचा आनंद मानायचा की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. नेम सुधारला तशी शहरे जळाली, माणसे मेली. बाँबर कमांडची स्वतःची ५५ हजारांहून अधिक उडणारी माणसे युद्धात गेली. पण १९४१ चा धडा युद्धाच्या पलीकडचा आहे. शेकडो प्रामाणिक माणसे एकच गोष्ट सांगत होती आणि ती चूक होती. त्यांच्या हिशेबाला बाहेरची, स्वतंत्र तपासणी नव्हती, म्हणून ती चूक दोन वर्षे कुणाला दिसली नाही.

एकशे ऐंशी अंश

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती.

४ एप्रिल १९४३. लिबियात बेनगाझीजवळच्या सुलूक तळावरून अमेरिकी बी-२४ बाँबर विमाने इटलीतल्या नेपल्सवर हल्ल्यासाठी निघाली. त्यांतल्या एकाचे नाव 'लेडी बी गुड'. वैमानिक विल्यम हॅटन, सहवैमानिक रॉबर्ट टोनर, नॅव्हिगेटर डी. पी. हेज आणि आणखी सहा जण. या चमूची ही पहिलीच मोहीम होती. हवा खराब होती. लक्ष्यावर हल्ला न करताच विमान परत फिरले, बाँब समुद्रात टाकले आणि अंधारात एकटे दक्षिणेकडे निघाले.

मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात हॅटनने रेडिओवरून दिशा विचारली. किनाऱ्याजवळच्या बेनिना केंद्राने आपला अँटेना फिरवून उत्तर दिले : ३३० अंश. म्हणजे विमान केंद्राच्या वायव्येला, समुद्रावर. याच दिशेने ते येणे अपेक्षित होते. सगळे जुळत होते.

आता त्या अँटेनाविषयी. तारेच्या वेटोळ्याचा हा अँटेना फिरवत नेला की एका स्थितीत आवाज सर्वांत क्षीण होतो आणि त्यावरून संदेश कोणत्या रेषेवरून येतो ते कळते. रेषा कळते, बाजू कळत नाही. ३३० अंशांवरून आलेला संदेश आणि त्याच्या बरोबर विरुद्ध, १५० अंशांवरून आलेला संदेश, वेटोळ्याला सारखेच. बाजू ठरवण्यासाठी दुसरा अँटेना जोडावा लागतो किंवा दुसऱ्या केंद्राची रेषा घ्यावी लागते.

नंतर निघालेला निष्कर्ष असा की, विमान तेव्हा तळावरून पुढे गेलेले होते आणि १५० अंशांच्या रेषेवर, वाळवंटावर होते. मागून वारा असेल तर विमान हिशेबाआधीच पोहोचते. पण आपण अजून समुद्रावरच आहोत असे ज्याने मनाशी धरले आहे, त्याला लवकर पोहोचण्याची शंका येत नाही. शिवाय रात्रीचे वाळवंट वरून समुद्रासारखेच काळे आणि सपाट दिसते.

ते आणखी दोन तास आग्नेयेकडे उडत राहिले. इंधन संपत आले तेव्हा, पहाटे दोनच्या सुमारास, नऊही जणांनी पॅराशूटने उड्या घेतल्या. पाण्यात पडण्याची त्यांची तयारी होती. पाय वाळूला लागले. आपण किनाऱ्याजवळच पडलो आहोत असे धरून ते वायव्येकडे चालू लागले. किनारा सहाशे किलोमीटरहून अधिक दूर होता.

युद्धकाळात शोध समुद्राच्या बाजूने झाला आणि नऊ जण समुद्रात गेले असे नोंदले गेले. १९५८ मध्ये तेलाचा शोध घेणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या माणसांना कलांशियोच्या वालुकासागरात विमानाचे धूड दिसले. पुढच्या वर्षी लोक तिथे पोहोचले. विमान मधोमध तुटले होते, पण आत पाणी होते, खाण्याचे पदार्थ होते, रेडिओ चालत होता. माणूस एकही नव्हता. १९६० मध्ये उत्तरेला, विमानापासून शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर, पाच जणांचे अवशेष एकत्र सापडले. त्यांत हॅटन, टोनर आणि हेज होते. आणखी दोघे त्यांच्याही पुढे चालत गेलेले आढळले. एकाचे पॅराशूट नीट उघडलेच नव्हते. नवव्याचा पत्ता खात्रीने लागला नाही. वाटेवर त्यांनी पॅराशूटच्या कापडाचे तुकडे बाणासारखे मांडून, वर दगड ठेवून खुणा केल्या होत्या, मागून येणाऱ्या शोधपथकासाठी.

टोनरने खिशातल्या डायरीत रोज दोन-चार ओळी लिहिल्या होत्या. आठ जणांत मिळून एकच पाण्याची बाटली. दिवसाची आग, रात्रीची थंडी, प्रार्थना. १२ एप्रिलनंतर नोंद नाही. रिकामे विमान त्यांना सोडून आणखी सुमारे पंचवीस किलोमीटर दक्षिणेकडे जाऊन पडले होते. पाणी आणि रेडिओ तिकडे होता. ते उत्तरेकडे चालले, कारण त्यांच्या हिशेबाने तेच बरोबर होते.

हेजला दोष देणे सोपे आहे. पहिली मोहीम, ढग, थकवा, अंधार. केंद्रावरच्या माणसालाही देता येईल. मला दोघांच्याही जागी आपण बसलेले दिसतो. ३३० हे उत्तर त्यांना हवे होते तेच होते. नको असलेले उत्तर आले असते, तर त्यांनी नक्की पुन्हा विचारले असते.

पोटचारी

इथे स्वतःची एक गोष्ट सांगतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका पोटचारीच्या लेव्हलिंगचे फील्डबुक माझ्याकडे आले. उंच्या काढत बेंचमार्कवर येऊन पोहोचलो, तर ताळा जुळेना. फरक बारा सेंटिमीटरचा. लहान चुका सगळ्या टप्प्यांवर थोड्या थोड्या वाटून टाकायच्या, ही मान्य रीत आहे. पण बारा सेंटिमीटर लहान नसतात. इतका फरक म्हणजे कुठेतरी स्टाफ चुकीचा वाचला गेला आहे, आणि तो शोधायला पुन्हा रानात गेले पाहिजे. मार्चअखेर होती. मी बारा सेंटिमीटर सगळ्या टप्प्यांवर वाटून टाकले. कागदावर उतार सुंदर आला.

पाणी सोडले तेव्हा ते शेवटच्या चार-पाच शेतांच्या अलीकडे तुंबून उभे राहिले. पुढच्या हंगामात चारी पुन्हा खोदावी लागली. त्या टोकाच्या शेतकऱ्यांचा एक रब्बी गेला. त्यांतले एक आजोबा कार्यालयात आले, माझ्या टेबलावरचा नकाशा बराच वेळ पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "कागदावं तर पानी माझ्या बांधापतूर आलंय की, साहेब." चूक माझी आहे हे त्यांना माहीत नव्हते. मला होते. त्या दिवशी मी ते सांगितले नाही, म्हणून इथे लिहितो.

रिकामी खुर्ची

१९७० मध्ये बोइंग ७४७ प्रवासी सेवेत आले, ते नॅव्हिगेटरच्या खुर्चीशिवाय. जडत्वावर चालणारी यंत्रणा प्रत्येक हालचाल मोजून ठिकाण सांगत होती. खरे तर ती यंत्रणाही डेड रेकनिंगच करते, फक्त न थकता. १ सप्टेंबर १९८३ रोजी अँकरेजहून सोलला निघालेले कोरियाचे एक ७४७ ठरल्या मार्गापासून पाचशे किलोमीटरहून अधिक ढळून सोव्हिएत हद्दीत गेले आणि पाडले गेले. २६९ माणसे गेली. दहा वर्षांनी झालेल्या आंतरराष्ट्रीय चौकशीचा निष्कर्ष असा की, स्वयंचलित यंत्रणेची कळ ठरावीक चुंबकीय दिशेवरच राहिली होती. मार्ग जाणणारी यंत्रणा चालू होती, विमान तिचे ऐकत नव्हते. पाच तासांहून अधिक काळ कॉकपिटमध्ये कुणाला काही वेगळे जाणवले नाही. स्वतंत्रपणे हिशेब ठेवणारा चौथा माणूस तिथे नव्हता. त्या घटनेनंतर अमेरिकेने उपग्रहांची जीपीएस यंत्रणा नागरी विमानांना खुली करण्याचे जाहीर केले. आज आपल्या खिशातल्या फोनवर जो निळा ठिपका असतो, त्याच्या इतिहासात ती २६९ माणसे आहेत.

तो ठिपका बहुधा बरोबर असतो. पण उपग्रहांचे संदेश क्षीण असतात, ते दडपता येतात, खोटेही पाठवता येतात. आजकाल युद्धक्षेत्रांजवळून जाणाऱ्या विमानांना याचा अनुभव येतो. अमेरिकेच्या नौदल अकादमीने बंद केलेले ताऱ्यांचे शिक्षण २०१५ मध्ये पुन्हा सुरू केले ते उगाच नाही.

फोनवरचा निळा ठिपका आणि माझ्या चकतीवरचा पेन्सिलीचा ठिपका यांत फरक आहे. निळा ठिपका 'तू इथे आहेस' एवढेच सांगतो. पेन्सिलीचा ठिपका काढणाऱ्याला माहीत होते की हा वारा आपण गृहीत धरला आहे, अर्ध्या तासाने तो पुसून नवा काढावा लागेल. जुन्या प्रशिक्षण-पुस्तकांत एक सूचना पुन्हा पुन्हा येते. नोंद कायम लिहीत राहा, आणि हिशेब व निरीक्षण जुळले नाही तर आधी हिशेबावर संशय घ्या, मग निरीक्षणावर, पण दोघांपैकी एकालाही गप्प करू नका. बारा सेंटिमीटरच्या वेळी मला हे कुणी सांगायला हवे होते, असे म्हणवत नाही. रीत मला ठाऊक होती.

तबकडी धूसर झाली आहे. साबणाच्या पाण्याने पुसली तर स्वच्छ होईल, असे मुलगा सांगतो. मी फक्त पुढची बाजू पुसली.